पडद्याच्या कोपऱ्यातला बैल

कारंजा गावाच्या भाजीबाजारात पुंजाजी माळ्याची वांगी सगळ्यांच्या आधी संपत आणि पुंजाजीचं बोलणं सगळ्यांच्या शेवटी. गिऱ्हाईक पिशवी उचलून चार दुकानं पुढं गेलं तरी हा मागून त्याला भरताचं वांगं कसल्या विस्तवावर भाजावं ते सांगत असे. माणूस कामसू. गावाबाहेर ओढ्याकाठी त्याची दोन एकरांची बाग, बागेत दगडानं बांधलेली विहीर आणि विहिरीवर बैलांनी ओढायची चामड्याची मोट. उजाडताना तो मोट धरी ती ऊन डोक्यावर येईपर्यंत. मोट हाकताना गाणीही म्हणे. गळा काही बरा नव्हता, पण ऐकायला बैलच असल्यामुळे त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

एवढ्यावर कुणी कुणाची गोष्ट सांगत नाही. पुंजाजीची सांगतात ती सिनेमामुळे. एकच सिनेमा त्यानं नऊ वेळा पाहिला, आणि त्यातली नटी दिसायला कशी होती हे त्याला जन्मभर सांगता आलं नाही.

गोष्ट सुरू होते ती बैलापासून. पुंजाजीची बायको प्रयागबाई, किन्हीराजा गावची लेक. दोन्ही मुली उजवून दिल्या आणि तिला घर एकदम मोठं वाटायला लागलं. त्याच साली गाईला गोऱ्हा झाला आणि गाय तिसऱ्या दिवशी गेली. प्रयागबाईनं त्या गोऱ्ह्याला शेळीचं दूध बोटानं चाटवून जगवलं. बुधवारचा जन्म, म्हणून नाव बुध्या. मोठा झाला तो तांबडाभोर, भरल्या अंगाचा, आणि थोडा लाडावलेला. उजव्या शिंगाचं टोक त्यानं विहिरीच्या दगडावर घासून बोथट करून ठेवलं होतं.

मोटेचं काम बैलाला सोपं नसतं. भरलेली मोट ओढत उतारावरून खाली जायचं आणि ती रिकामी झाली की उलट्या पावलांनी परत वर विहिरीपाशी यायचं. हे उलटं चालणं शिकवता शिकवता भल्याभल्यांचा जीव मेटाकुटीला येतो. बुध्या ते चार दिवसांत शिकला. वर आला की मान वळवून हाकणाऱ्याकडं बघायचा, कारण पुंजाजीनं एकदा कौतुकानं तिथं त्याला भाकरीचा तुकडा दिला होता. एकदा दिला आणि फसला. पुढं रोज द्यावा लागला.

बुध्याचा जोडीदार हरण्या एका चैत्रात साप डसून मेला. मग बुध्या दुसऱ्या कुणाच्या जोडीनं चालेना. शेजाऱ्याचा बैल मागून आणला, तर त्याला शिंगानं बाजूला सारून हा एकटाच जुवाखाली उभा राहिला. आठ दिवस मोट बंद, आणि वांग्याच्या झाडांनी माना टाकायला सुरुवात केली. अशात प्रयागबाई भाचीच्या लग्नाला माहेरी गेली, आणि अशातच हरिसिंग दारात येऊन उभा राहिला. हरिसिंग पोहरादेवीकडचा बंजारा, बैलांचा व्यापारी. सौदा झाल्यावर देणारा आणि घेणारा दोघंही आपणच जिंकलो असं समजून घरी जात, अशी त्याची जीभ. त्याच्याकडे मोटेला शिकलेली, उतारवयाची एक जोड होती. तरुण बुध्याच्या बदल्यात त्यानं ती दिली. पुंजाजीनं त्या दिवशी दुपारी वांग्यांना पाणी पाजलं.

प्रयागबाई लग्नाहून आली, गोठ्यात गेली, बाहेर आली आणि पायावर पाणी घेतलं. भांडली नाही. भांडली असती तर पुंजाजीला बरं वाटलं असतं. त्याची सगळी तयारी झालेली होती. पण त्या दिवसापासून ती नवऱ्याशी सरळ बोलली नाही. बोलणं बंद नव्हतं, ते शेळीच्या मार्फत चाले.

“शेळीबाई, मालकाले सांग, भाकर झाली.”

“शेळीबाई, मालकाले इचार, बाजारात वांगे किती टोपले न्यायचे हायेत.”

पुंजाजीनंही आधी महिनाभर शेळीलाच उत्तरं दिली. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि तो घरात गप्प झाला. दोन वर्षं हे असं चाललं. बाजारात तो एवढं का बोले, हे आता सांगायला नको.

मधे एकदा त्यानं हरिसिंगाला बुध्याचं विचारलं होतं. हरिसिंग म्हणाला, “मूर्तिजापुरात देला बाप्पा. तिथून म्हने पुन्याकडचा कोनी कंत्राटदार घेऊन गेला.” पुणं कुठं आणि केवढं, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून बोलणं तिथंच थांबलं.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आदल्या साली, होळीच्या आधी, अरुंद रुळांवरच्या लहान आगगाडीनं कारंज्यात सिनेमाचा तंबू आला. तंबूवाल्याचं नाव उदयसिंग. बाजाराच्या मोकळ्या जागेत त्यानं खांब रोवले, एका टोकाला पडदा बांधला, बाहेर भकभकणारं इंजिन ठेवलं आणि आत मधोमध दोरीवर चादरी टाकून तंबूचे दोन भाग केले. एकीकडं गडीमाणसं, दुसरीकडं बायामाणसं. खेळ रोज दोन, पहिला दिवेलागणीला आणि दुसरा जेवणानंतर. दोन्ही वेळा सिनेमा एकच, कारण उदयसिंगाकडं त्या वेळी फिल्मच्या पेट्या तेवढ्याच होत्या.

पुंजाजीला सिनेमाची हौस नव्हती. तो गेला तो उदयसिंगाच्या स्वयंपाक्याला वांगी द्यायला. वांग्यांवर खूश होऊन उदयसिंग म्हणाला, आत बस, आणि पुंजाजी बसला.

सिनेमा होता एका गरीब शेतकऱ्याच्या पोरीचा. जमीनदाराच्या मुलाचं तिच्यावर मन बसतं, त्याची आई आडवी येते, पोरगी रडते, शेवटी सगळं जुळतं. मधे एक गाणं होतं. पोरगी विहिरीच्या काठावर बसून दूर बघत दुःखाचं गाणं म्हणते, आणि तिच्या मागं, पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, मोट चाललेली असते.

गाणं सुरू झालं आणि तंबूत हसू फुटलं. पोरीला हसले नव्हते. कारंज्याच्या लोकांना पहिल्याच नजरेत दिसलं होतं की मोटेचा नाडा, म्हणजे ओढायचा दोर, सैल आहे. मोट विहिरीत बुडत नव्हती, नुसती वर-खाली हिंडत होती.

“रिकामी हाये रे मोट,” कुणीतरी ओरडलं.

“हाकनाऱ्याच्या पायात जोडा हाये,” दुसरा म्हणाला. “मोटेवर कोन जोडा घालते?”

उदयसिंग दाराशी उभा राहून डोकं खाजवत होता. या गाण्याला अमरावतीत बाया डोळे पुसत होत्या आणि इथं गडी पोट धरून हसत होते.

पुंजाजी मात्र हसला नाही. बैलांची जोडी त्याच्याकडं पाठ करून उलट्या पावलांनी वर येत होती, आणि डावीकडच्या बैलाची ती पाठ, तो वशिंडाचा डावीकडं कललेला गोळा, ते उजव्या शिंगाचं बोथट टोक त्याच्या ओळखीचं होतं. बैल वर आला आणि त्यानं मान वळवून हाकणाऱ्याकडं पाहिलं.

“बुध्या,” तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला असावा, कारण पुढच्या चार जणांनी मागं वळून त्याला गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात दुसरा विषय नव्हता. पुण्याकडच्या कंत्राटदारानं नेलेला बैल, आणि सिनेमेही तिकडंच होतात म्हणतात, तेव्हा धागा तर नीट जुळत होता. बाजारकरी सोजरबाई, जिचा मिरच्यांचा ढीग पुंजाजीच्या शेजारीच असे, तिनं ही बातमी दुपारच्या आत प्रयागबाईला पोहोचवली. आणि बाजाराचा दिवस असल्यामुळे कामरगावचे उत्तमराव पाटीलही आलेले होते. बैलांच्या बाबतीत त्यांचा शब्द तालुक्यात चाले. दात न बघता बैलाचं वय सांगत, आणि चुकलं तर बैलाचीच चूक काढत. ते म्हणाले, मी स्वतः बघतो.

त्या संध्याकाळी उत्तमराव पहिल्या ओळीत, पुंजाजी त्यांच्या मागं. गाणं आलं. बैल वर आला. पाटलांनी पुढं वाकून पाहिलं आणि तिथल्या तिथं निकाल दिला.

“शिंग तेच, चाल तेच. रंगाचं इचारू नका, पडद्यावर समद्यायचा रंग राखीच दिसते. पुंजाजीचाच बईल हाये.”

लोकांनी माना हलवल्या. आणि नेमकं त्याच वेळी, बैलानं मान वळवली तेव्हा, पुंजाजीला त्याच्या गळ्याखाली पांढरा ठिपका दिसला. चांगला पंज्याएवढा. बुध्याच्या अंगावर शेपटीच्या गोंड्यापर्यंत कुठं पांढरा केस नव्हता.

आदल्या दिवशी हर्षानं डोळे भरले होते म्हणून ते दिसलं नव्हतं. आता दिसलं. बाहेर आल्यावर त्यानं उत्तमरावांना बाजूला घेतलं.

“पाटील, गळ्याखाली पांढरं हाये त्याच्या. आपल्या बुध्याले नव्हतं.”

“मंग?” उत्तमराव म्हणाले. “दोन वर्सांत मानसाच्या मिशा पिकते, बईलाचा गळा नाई पिकनार?”

त्यांचा निकाल एकदा झाला की झाला. पुंजाजी घराकडं निघाला तो मनाशी ठरवून, की निदान घरी खरं सांगायचं. शेळीला सांगायचं, म्हणजे जिला कळायचं तिला कळेल.

तो अंगणात आला तेव्हा प्रयागबाई चुलीपुढं होती. शेळी खुंट्याला बांधलेली, रवंथ करत बसलेली. प्रयागबाईनं शेळीकडं पाहिलंसुद्धा नाही. तव्यावरची भाकर उलटवली आणि म्हणाली,

“बरा दिसते का तो? अंगानं?”

दोन वर्षांत तिनं त्याला विचारलेलं हे पहिलं वाक्य. पुंजाजी उंबऱ्यापाशीच थांबला. पांढरा ठिपका त्याच्या जिभेवर होता आणि जीभ वळेना.

“बरा दिसते,” तो म्हणाला. “चांगलं खायाले मिळत असन त्याले.”

“पाय तं लंगडत नाई?”

“नाई. पयलेसारखाच चालते.”

तिनं भाकर त्याच्या ताटात टाकली. आणखी काही विचारलं नाही, पण तेवढ्यानं पुंजाजीचा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी घाबराही झाला. आता खरं सांगायचं म्हणजे तिनं दोन वर्षांनी उघडलेलं दार आपल्या हातानं लावून घ्यायचं. एवढी हिंमत त्याच्यात नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो परत वांगी घेऊन तंबूत गेला. चौथ्या दिवशीही गेला. घरी आल्यावर प्रयागबाई विचारी, आज कसा दिसला, आणि तो सांगे. सांगताना दोघं बोलत. आधी बैलाबद्दल, मग बैलाच्या अनुषंगानं खांद्याला जू लागतं त्याबद्दल, मग ढेपेच्या, म्हणजे पेंडीच्या, भावाबद्दल, आणि पाचव्या दिवशी तर ती धाकट्या लेकीच्या सासरचं काहीतरी सांगत बसली आणि बैलाचं विसरलीच. शेळी बिचारी दिवसभर बिनकामाची उभी असे.

तंबूत तोवर नुसता पुंजाजीच नव्हता. एकदा पाहिलेलं परत बघायला येणाऱ्यांची तिथं रीघ लागली होती, आणि जो तो आपापल्या जागेसाठी यायचा. सोजरबाई येई ती जमीनदाराच्या बायकोला तिचा नवरा भर अंगणात दटावतो तेवढ्यासाठी. तेवढं झालं की उठून घरी जाई. एक सोनार नटीच्या गळ्यातला साज नीट बघायला चार दिवस आला, कारण पदर दर खेपेला तिथंच आडवा येई. उत्तमराव कामरगावाहून दोनदा आले, मोट रिकामी आहे हे पुन्हा एकदा मोठ्यानं सांगायला. शेवट काय होणार हे सगळ्यांना पाठ होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. उलट पुढं काय येणार ते माहीत असल्यामुळे ऐसपैस बसता येत होतं. नटीची आई आजारी पडणार म्हटल्यावर बायांच्या बाजूनं आधीच उसासे ऐकू येत.

पुंजाजी कशासाठी जातो, हे लोकांना वाटे की माहीत आहे. त्याचं त्याला मात्र माहीत नव्हतं. ठिपका रोज तिथंच होता. एक दिवस तो मुद्दाम पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसला, प्रकाशाचा काही घोटाळा असेल म्हणून. जवळून तर तो जास्तच पांढरा दिसला. तरी दुसऱ्या दिवशी वांगी तोडताना त्याचं लक्ष सूर्य किती खाली गेला इकडंच होतं. आपण खोटं बोलतो आहोत, तिला फसवतो आहोत, हे त्याला टोचत होतं. आणि तरीही ते आठ दिवस त्याला गेल्या दोन वर्षांत सगळ्यांत सुखाचे गेले. माणसाचं असं होतं कधी कधी, त्याला काय करणार.

सोमवारी तंबू उठणार असं उदयसिंगानं शनिवारी ताशा वाजवून सांगितलं. रविवारी सकाळी प्रयागबाईनं ठेवणीतलं लुगडं झटकून दोरीवर टाकलं.

“आज मी येते,” ती म्हणाली. “सोजरबाईबी येते संगं.”

पुंजाजी बागेत न्यायचा मोटेचा नाडा गुंडाळत होता, तो तसाच थांबला.

“गर्दी लय असते,” तो म्हणाला.

“असू द्या.”

“इंजिनाच्या आवाजानं डोकं दुखते. धूरबी येते.”

“तुमचं तं नाई दुखलं. सात दिस जाऊन राह्यले.”

जिनं त्या बैलाला बोटानं दूध चाटवलं, तिला ठिपका दिसायला दोन दिवस लागणार नव्हते. दिवसभर पुंजाजीनं बाजारात एकाही गिऱ्हाइकाला जादा बोलून थांबवलं नाही. लोकांना वाटलं, ताप आला असावा.

संध्याकाळी तो दोरीच्या अलीकडं बसला, प्रयागबाई पलीकडं. मधल्या चादरीवर इंजिनाच्या हेलकाव्यानं सावल्या हलत होत्या. तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि हे बरं की वाईट ते त्याला ठरवता येईना. सिनेमा सुरू झाला. पोरगी आली, जमीनदाराचा मुलगा आला, आई आडवी आली. पलीकडून सोजरबाईचा समाधानाचा हुंकार ऐकू आला. मग विहीर आली.

आज लोक मोटेला हसले नाहीत. बैलाची मालकीण आली आहे हे सगळ्या तंबूला माहीत होतं, आणि नटी गात असताना निम्मे लोक चादरीकडं कान लावून बसले होते. बैल उलट्या पावलांनी वर आला. बायांच्या बाजूनं बांगड्यांचा आवाज आला, कुणीतरी पुढं सरकल्यासारखा. बैलानं मान वळवली. पुंजाजीनं खाली पाहिलं. गाणं संपलं, पुढचं सगळं झालं, नटी सासरी गेली, पडदा पांढरा झाला आणि त्याला पलीकडून एक शब्द ऐकू आला नाही.

बाहेर कंदिलाच्या उजेडात बाया जमल्या होत्या. पुंजाजी चार पावलं लांब उभा राहिला. सोजरबाईला धीर नव्हता.

“काय वो प्रयाग? तुमचाच ना?”

प्रयागबाईनं पदर सारखा केला. “आमचाच हाये. दुसऱ्या कोनाचा असन?”

बाया आनंदल्या. सोजरबाईनं उत्तमरावांच्या नजरेचं कौतुक केलं आणि सगळ्या आपापल्या वाटेनं पांगल्या. पुंजाजीनं सुटकेचा श्वास सोडला, तो अर्धाच, कारण प्रयागबाई त्याच्याकडं येत होती आणि तिचा चेहरा काही केल्या वाचता येत नव्हता. दोघं मैदानाच्या कडेनं चालू लागले. इंजिन मागं पडल्यावर ती म्हणाली,

“गळ्याखाली पांढरं हाये त्याच्या.”

उत्तमरावांचं पिकलेल्या मिशांचं उत्तर तयार होतं. पुंजाजीला ते वापरावंसं वाटलं नाही.

“हो,” तो म्हणाला.

“तुमाले कधी दिसलं?”

“दुसऱ्या दिशी.”

“अन् तरीबी अजून सहा खेपा आले?”

“हो.”

“काहून?”

तो थांबला. तीही थांबली. घाई करायचा तिचा विचार दिसत नव्हता.

“तो वर येते न,” पुंजाजी शेवटी म्हणाला, “तवा पाठीनं येते. पाठ त्याचीच हाये. चालबी त्याचीच. मान वळवेपर्यंत तो आपला बुध्याच असते. तेवढ्यासाठी येतो मी. मंग मान वळवते अन् नसते. दुसऱ्या दिशी वाटते, अजून एकडाव पाहून येऊ.”

प्रयागबाई बोलली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता.

“मी त्या दिशी किन्हीराजाहून आली, तवा तुमी दोन भाकरी खाल्ल्या. वरून चटनी मांगून घेतली. मी पाहूनच राह्यली तुमच्याकडं. मले वाटलं, या मानसाले काईच नाई झालं. जनावर गेलं काय अन् टोपलं गेलं काय, सारखंच.”

“खाल्ल्या कुठं,” पुंजाजी म्हणाला. “गिळल्या मी त्या. ताटावरून उठलो असतो तं तुले कळलं असतं.”

“मंग कळाले पाह्यजे होतं न मले.”

ती हे रागानं म्हणाली, पण दोन वर्षांत तिचा राग असा त्याच्या तोंडावर, त्याच्या डोळ्यांत बघून आला नव्हता, आणि पुंजाजीला तो इतका गोड वाटला की त्याचे डोळे पाण्यानं भरले. त्यानं ते बाहीला पुसले. अंधार होता तरी तिनं पाहिलंच.

“मी तुह्याशी खोटं बोललो,” तो म्हणाला. “आठ दिस. बरा दिसते, चांगला चालते.”

“खोटं कायचं? बराच तं दिसते. कोनाच्या तरी घरचा हाये, खाऊन-पिऊन हाये. आपलाबी कुठं असाच असन.”

“असन,” पुंजाजी म्हणाला.

मागं तंबूत दुसऱ्या खेळाची घंटा वाजली. उदयसिंगाची माणसं दार उघडत होती. प्रयागबाईनं मागं वळून पाहिलं.

“हाच शेवटचा ना? उद्या उठून जाते म्हंता.”

“हो.”

“मंग चाला. अजून एकडाव पाहू.”

“आता काय पाहतं? तुले तं माहीत झालं.”

“तुमाले नव्हतं माहीत?”

“पन मान वळवन तो.”

“वळवन तवा डोये मिटून घ्या,” प्रयागबाई म्हणाली आणि तंबूकडं चालायला लागली.

उदयसिंगानं त्यांना वांग्यांशिवाय आत सोडलं. दोघं परत दोरीच्या दोन बाजूंना बसले. जेवून आलेले लोक थोडे पेंगत होते. पोरगी आली, मुलगा आला, आई आडवी आली. विहीर आली, आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातून तांबडा बैल उलट्या पावलांनी वर आला. तांबडा हे पुंजाजीला दिसलं, इतरांना राखी दिसला असेल. बैल विहिरीपाशी पोहोचला आणि पुंजाजीनं डोळे मिटून घेतले.

दोरीपलीकडं प्रयागबाईनं मिटले की नाही, हे त्याला कळलं नाही. घरी जाताना त्यानं विचारलंही नाही. ती त्या वेळी त्याला धाकट्या लेकीला होळीला कसं आणायचं, छकडा कुणाचा मागायचा, वाटेत किन्हीराजाला मुक्काम करायचा की नाही, असं काय काय सांगत होती, आणि त्याला तिचं बोलणं मधेच तोडायचं नव्हतं.